भा.पू.श्र., मु॥ पुणे आणि तिसरा वाचक

गावात कुणी गेल्याची बातमी येते आणि पाच मिनिटांत तिच्याखाली रांग लागते. भा.पू.श्र. मग पुन्हा भा.पू.श्र. मग कुणाला टिंबं द्यायचाही कंटाळा येतो, तो नुसतंच 'भापूश्र' लिहितो. भावपूर्ण श्रद्धांजलीतला 'पूर्ण' हा शब्दसुद्धा अपूर्ण! ज्याच्या अंगणात अजून माणसं बसलेली आहेत, त्याला आपण चार अक्षरं पुरवून लिहीत नाही.

मंडळी, हा वैताग माझा एकट्याचा नाही हे मला माहीत आहे. चौकातल्या फ्लेक्सवर 'हार्दीक शुभेच्छा' आणि 'शुभ आर्शिवाद', कचेरीच्या दारावर 'सुचना', शाळेच्या भिंतीवर 'विद्यार्थि'. मोबाइलवर तर विचारूच नका. 'जे१ झालं का' म्हणजे जेवण झालं का, हे कळायला मला एका भाच्याची मदत घ्यावी लागली होती. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी, त्यातले स्वर गाळलेले, वर आकडे घुसवलेले. वाचताना आपण वाचतोय की शब्दकोडं सोडवतोय कळत नाही.

यावर आपल्याकडे दोन ठरलेल्या प्रतिक्रिया असतात. एक, 'मराठी संपली हो, आमच्या वेळी असं नव्हतं.' दुसरी, 'भावना पोचल्या ना, मग बास.' मला दोन्ही पटत नाहीत. गेली काही वर्षं मी मोडी कागद वाचायच्या नादाला लागलो आहे. त्यामुळे 'आमच्या वेळी'च्याही आधीच्या वेळी काय होतं ते थोडंफार बघायला मिळालं. त्याबद्दलच आज जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट म्हणजे, मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद व्यवहारात पाळलाच जात नसे. वेलांटी सहसा एकच, उकारही एकच. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. स्वल्पविराम नाही, प्रश्नचिन्ह नाही. कागदावर आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि तिला अक्षरं टांगत जायचं, बोरू होईल तितका कमी उचलायचा. ज्या दौडीने ते लिहिलंय ती बघूनच धाप लागते. नाना फडणवीसांचं पत्र आज दहावीच्या पेपरात कुणी उतरवलं तर शुद्धलेखनाचे सगळे गुण जातील, आणि सही मात्र अख्ख्या हिंदुस्थानच्या राजकारणाला पुरून उरलेल्या माणसाची.

आणि संक्षेप? त्यांचा तर सुकाळ. 'मु॥' म्हणजे मुक्काम. 'मौ॥' म्हणजे मौजे. 'प॥' म्हणजे परगणे. 'रु॥' म्हणजे रुपये. 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजश्री. तारखेच्या आधी नुसता 'छ' दिसला की तो चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तारीख. अक्षरापुढे दोन उभ्या रेघा आल्या की समजायचं, शब्द तोडला आहे. गंमत अशी की त्याच दोन उभ्या रेघा आकड्यापुढे आल्या की अर्धा रुपया होतो. म्हणजे एकच खूण एका ठिकाणी 'पुढचं समजून घ्या' आणि दुसऱ्या ठिकाणी 'आठ आणे'. नवशिक्याची अशी तारांबळ उडते की बास.

घरच्या पत्रांत हीच परंपरा पुढे आपल्या आजीआजोबांपर्यंत आली. ति., चि., सौ., सा. न. वि. वि., ता. क. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' या चार शब्दांची चार अक्षरं करून टाकणारा समाज आज 'भा.पू.श्र.'वर चिडतोय, याचं मला आधी हसू आलं. मग वाटलं, नाही, फरक आहे. आणि तो फरक मला महत्त्वाचा वाटतो.

ते लोक काय तोडत होते ते बघा. जे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला दोघांनाही पाठ आहे, तेवढंच. मायना तोडायचा, मुक्काम तोडायचा, पदव्या तोडायच्या. बातमी तोडायची नाही. पानिपतावरून आलेल्या सावकारी पत्राची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलीय : दोन मोती गेले, सत्तावीस मोहरा गेल्या, चांदी-तांब्याची तर गणतीच नाही, अशा अर्थाचं. एका एसएमएसात मावेल एवढा मजकूर. पण ज्याला कळायला हवा त्याला तो असा कळला की पुढे एक प्रश्न विचारायची गरज राहिली नाही. कमी अक्षरांत लिहिणं आणि अर्धवट लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्यात भर म्हणजे पत्र कुठे संपलं हेही ते दाखवत. राजपत्राच्या शेवटी मर्यादेचा शिक्का असायचा, 'लेखनसीमा' म्हणतात ती. म्हणजे मजकूर इथवर माझा, याच्याखाली कुणी काही घुसडलं तर ते माझं नाही. आलेल्या पत्रावर ते कधी पोचलं याची नोंद व्हायची. आपल्याकडे पसरवला जाणारा मेसेज आठवा. तो कुठे सुरू झाला, कुठे संपला, मधल्या कुणी काय जोडलं, कशाचा पत्ता नाही. एका अक्षराच्या फेरफाराने काय होतं याची दहशत आपल्या भाषेत वाक्प्रचार होऊन बसली आहे, 'ध चा मा'. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला हा इतिहास. आनंदीबाईंनी 'धरावे'चं 'मारावे' केलं ही त्याला चिकटलेली कथा. कथा म्हणूनच घ्या. पण ती इतकी टिकली याचा अर्थ एवढाच की लिहिलेलं अक्षर कुणाच्या तरी जिवाशी येतं, हे लोकांना पटलेलं होतं.

आता त्यांची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर 'जुनं ते सोनं'चा आणखी एक नग तयार होईल. या पत्रांत पुष्कळदा तारीख असते आणि साल नसतं. 'छ ७ जमादिलाखर', बस. पत्र लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्याला साल ठाऊकच होतं, मग कशाला लिहा? आणि मग दीडशे वर्षांनी आपल्या मिरजेच्या शाळेतले एक मास्तर ते कागद घेऊन बसतात. वासुदेवशास्त्री खरे. मिरजेच्या पटवर्धनांच्या दफ्तरातून त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रह' खंडामागून खंड काढला. शाळा सांभाळून, पदरमोड करून. एकेका पत्राचं साल ठरवायचं म्हणजे त्यात कुणाचं नाव आलंय, कोणती मोहीम चाललीय, कुणाच्या आजाराचा उल्लेख आहे, पाऊस पडतोय का, सगळं जुळवायचं, जंत्री उघडायची आणि मग ठरवायचं की हे पत्र अमुक सालचं. लिहिणाऱ्याने चार अक्षरं वाचवली, त्याची किंमत दीडशे वर्षांनी दुसऱ्याच माणसाने डोळे फोडून चुकवली.

या माणसाला मी तिसरा वाचक म्हणतो. पत्र ज्याने लिहिलं तो पहिला, ज्याला लिहिलं तो दुसरा. हे दोघं एकमेकांना ओळखतात, त्यांना 'जे१'ही चालतं आणि 'मु॥'ही चालतं. तिसरा नंतर येतो, बाहेरून येतो, त्याला तुमच्या खुणा माहीत नसतात. आणि कधी ना कधी तो येतोच.

हे नुसतं इतिहासाचं कौतुक नाही. गेल्या शतकाच्या मध्याला मोडी शाळांतून गेली. दोन पिढ्यांत अशी अवस्था आली की आजोबांच्या हातचा कागद नातवाला वाचता येईना. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि एकाएकी जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. (आरक्षणावर माझं मत या पोस्टमध्ये नाही, त्यामुळे त्यावरून भांडू नका.) मला त्यात दिसलं ते एवढंच : एका कुटुंबाचं पुढचं शिक्षण, नोकरी, सगळं एका कागदावरच्या एका ओळीपाशी येऊन थांबलंय, आणि ती ओळ ज्याने लिहिली त्याला असा कुणी वाचक येईल याची कल्पनाही नव्हती. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे हजारो रुमाल बांधून पडलेत. कापडाच्या बासनाला तिथे रुमाल म्हणतात, खिशातला नव्हे.

'मोडीचं ठीक आहे, पण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिण्याचं खूळ तर मोबाइलनेच आणलं ना?' असं एका मित्राने विचारलं. तेही नाही. गोव्यात राशोल इथे १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. दहा हजारांहून जास्त ओव्या, भाषा मराठी, कवी फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट, आणि लिपी रोमन. तिथल्या छापखान्याकडे देवनागरीचे खिळे नव्हते. म्हणजे छापील मराठी काव्यग्रंथांतला हा अगदी सुरुवातीचा ग्रंथच मुळात रोमन अक्षरांत आहे, चारशे वर्षांपूर्वी!

पण स्टीफन्सने काय केलं बघा. पोर्तुगीज धाटणीने अक्षरांची एक पद्धत बसवली आणि ती पाळली. ळ दाखवायचा तर 'एल' दोनदा. श साठी 'एक्स', जो आजही गोव्यातल्या रोमन कोंकणीत दिसतो. परक्या देशातून आलेल्या माणसाला कळलं होतं की काल आणि काळ हे दोन शब्द आहेत, आणि वाचणाऱ्याला ते दोन दिसले पाहिजेत. आपण मात्र 'के-ए-एल' एवढंच लिहून मोकळे होतो. आता तो काल, काळ, कळ की कल हे ज्याचं त्याने बघावं. 'एम-ए-एल-ए' म्हणजे मला, माळा, मळा, माला काहीही. संदर्भावरून कळतं म्हणतात. कळतं, घरच्या माणसाला कळतं. तिसऱ्याला नाही.

मग आपले हे शुद्धलेखनाचे नियम आले कुठून? छापखान्यातून. हाताने लिहिलेलं पत्र एकाकडे जातं, छापलेलं पुस्तक ओळखदेख नसलेल्या हजार जणांकडे जातं. तिथे 'समजून घ्या' चालत नाही. सेरामपूरला विल्यम केरीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण काढलं, १८१० मध्ये कोश काढला, तो मोडी खिळ्यांत. मुंबईत मोल्सवर्थचा कोश १८३१ चा. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं, म्हणूनच त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात. आणि मेजर थॉमस कँडी नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' हे छोटं पुस्तक काढून मराठी माणसाला सांगितलं की बाबारे, वाक्य संपलं की इथे टिंब द्यायचं. आपण आज 'स्वल्पविराम विसरले लेकाचे' म्हणून ज्या मुलांवर ओरडतो, तो स्वल्पविराम आपल्याकडे येऊन अजून दोनशे वर्षंही झालेली नाहीत. कँडीच्या नजरेखालून गेल्याशिवाय सरकारी शाळेचं पुस्तक बाहेर पडत नसे. त्यातून एक सरळ पण बरीचशी साहेबी वळणाची मराठी तयार झाली, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ पासून 'निबंधमाला' काढून तिच्यावर तोफा डागल्या.

चिपळूणकरांची मराठी डौलदार, यात वाद नाही. पण त्याच निबंधमालेत त्यांनी जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांची टिंगल केली तेव्हा त्यांच्या भाषेवर आणि व्याकरणावर बोट ठेवलं. 'गुलामगिरी' १८७३ ची. फुले काय म्हणतायत त्याला उत्तर देणं अवघड होतं. ते कसं लिहितायत यावर हसणं सोपं होतं. ही युक्ती आजही रोज वापरली जाते. कुणी पाणीपट्टीबद्दल तक्रार लिहितो आणि खाली दुसरा येऊन सांगतो, 'आधी पाणी नीट लिहायला शिका.' झालं, पाणीपट्टी राहिली बाजूला.

म्हणून 'आनी-पानी' म्हणणाऱ्याला हसणाऱ्यांत मी नाही. न आणि ण चा हा भेद पुष्कळदा माणसाच्या गावावरून आणि जातीवरून ठरलेला असतो, त्याच्या अकलेवरून नाही. 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' हे शब्दच सोवळ्या-ओवळ्याचे आहेत. त्यापेक्षा 'प्रमाणलेखन' हा शब्द बरा. प्रमाण म्हणजे माप. बाजारात सगळ्यांचा किलो सारखा असावा, इतकंच. तुमच्या घरात तुम्ही मुठीने मोजा की ओंजळीने, कोण विचारतंय!

आणि हे मापही बदलत आलंय. १९६२ मध्ये शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम मान्य केले, १९७२ मध्ये त्यांत ४ ची भर पडली, तेच १८ नियम आज चालतात. त्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीचे लोक 'नांव' लिहायचे, 'केलें' लिहायचे. तेव्हाच्या किती मास्तरांच्या पोटात गोळा आला असेल! नांव म्हणजे नाव आणि नाव म्हणजे होडी, हा फरकच गेला की. आज आपण ज्याला शुद्ध म्हणतो ते त्यांच्या लेखी अशुद्धच होतं. त्यामुळे अनुस्वार, वेलांटी हे काही स्वर्गातून पडलेले नाहीत, माणसांनी बसून ठरवलेत. पण एकदा ठरले की ते सगळ्यांचे. यास्मिन शेख बाईंनी, अरुण फडक्यांनी आयुष्यं घातली ती हे ठरलेलं लोकांपर्यंत पोचवायला. फडक्यांच्या एका पुस्तकाचं नावच 'शुद्धलेखन तुमच्या खिशात'. आता खिशात मोबाइल आहे, आणि त्यानेच सगळा घोटाळा केलाय असं म्हणतात. तर त्याचंही गणित बघू.

जुना साधा एसएमएस १४० बाइटांचा. इंग्रजी अक्षरं त्यात १६० बसतात. देवनागरी वापरली की मर्यादा थेट ७० वर येते. त्यातही आपल्याला जे एक अक्षर दिसतं ते मशीन एक मानत नाही. काना वेगळा, मात्रा वेगळी, पाय मोडल्याची खूण वेगळी. 'शुभेच्छा' आपल्याला तीन अक्षरांचा शब्द, मशीनच्या लेखी आठ. 'दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा' एवढं लिहिलं की मधल्या मोकळ्या जागा धरून २८ अक्षरं गेली, अजून स्वतःचं नाव बाकी. त्यात सणासुदीला एसएमएसचा पॅक बंद, प्रत्येक मेसेजला पूर्ण पैसे. कितीतरी फोनवर देवनागरी उमटायचीच नाही, चौकोन दिसायचे. मग पोरांनी काय करावं? त्यांनी इंग्रजी अक्षरं घेतली, स्वर गाळले, 'जेवण'च्या 'वण'ला १ केलं. तारेत प्रत्येक शब्दाला पैसे पडायचे तेव्हा आपल्या आजोबांनी तरी काय केलं होतं? शुभेच्छांच्या तयार वाक्यांना नंबर होते, पोस्टात जाऊन नंबर सांगितला की काम झालं. लग्नाच्या शुभेच्छा म्हणजे एक आकडा! त्याला कुणी भाषेचा ऱ्हास म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही.

थोडक्यात, 'जे१'ची पिढी आळशी नव्हती, काटकसरी होती. माझा प्रश्न आताच्यांना आहे. आता अक्षरांना पैसे पडत नाहीत. देवनागरी प्रत्येक फोनवर उमटते. हाताने लिहायचं नसेल तर बोललेलं टाइप होतं. मग 'भा.पू.श्र.' का? जी तंगी संपली तिची सवय मात्र राहिली, आणि ती अशा ठिकाणी शिरली जिथे ती कधीच नव्हती. आपल्या आजोबांच्या पत्रात 'सा. न. वि. वि.' तोडलेलं असायचं, पण कुणाचा बाप गेला असेल तर त्याखाली निदान चार ओळी पूर्ण असायच्या. ते तोडायचे तो नमस्कार. आपण तोडतो ते सांत्वन.

आणि आता ज्या गोष्टीसाठी ही पोस्ट लिहायला घेतली त्याकडे येतो. पूर.

आपल्याकडे आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ फूट म्हणजे धोका, हे लहान पोरालाही पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं ते आपण पाहिलंय. त्या दिवसांत आमच्या गल्लीत एक मेसेज फिरला होता. आठवतो तसा देतो : 'उद्या सकाळी कोयनेचे दार उगडनार पानी वाडनार जनावर बाहेर काडा सर्वाना पाटवा.'

यात प्रमाणलेखनाच्या किती चुका आहेत ते मोजत बसू नका. उगडनार, वाडनार, काडा, पाटवा, सगळं सगळ्यांना कळलं. कुणाचंही काही अडलं नाही. घात केला तो पहिल्या शब्दाने, जो अगदी शुद्ध लिहिलेला आहे. 'उद्या'. कुठल्या दिवसाचा उद्या? खाली नाव नाही, वर तारीख नाही. हाच मेसेज २०२१ च्या जुलैमध्ये जसाच्या तसा पुन्हा फिरला. एका म्हातारा-म्हातारीने भर पावसात रात्री म्हशी सोडून बांधावर नेल्या. दुसऱ्या दिवशी कळलं की मेसेज दोन वर्षांपूर्वीचा. लोक हसले. आणि त्यानंतर खरी सूचना आली, तिच्यातही 'उद्या'च होता आणि तारीख नव्हतीच, तेव्हा दोन घरांनी ती जुनीच समजून सोडून दिली. माणसं वाचली. खालच्या खोलीतलं धान्य, पोरीच्या लग्नासाठी घेतलेलं कपाट, शाळेचे दाखले, सगळं चिखलात गेलं.

सरकारी पत्रक नव्हतं का? होतं की. फोटो काढून टाकलेलं, दोन पानी, 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून सुरू होणारं. ऱ्हस्व-दीर्घ अगदी जागच्या जागी, जावक क्रमांकासह. आपल्या गल्लीचं नाव दुसऱ्या पानावर तळाला, 'विसर्ग', 'नदीपात्रालगतच्या', 'सखल भागातील' यांच्या गर्दीत. ज्या बाईने ते वाचायला हवं होतं तिने पहिल्या ओळीनंतर फोन खाली ठेवला. तिने का वाचावं? ते तिच्यासाठी लिहिलेलंच नव्हतं, वरच्या साहेबासाठी लिहिलेलं होतं. एका मेसेजला तिसरा वाचक माहीत नव्हता, आणि त्या पत्रकाला दुसराही माहीत नव्हता. यांतलं शुद्ध कुठलं आणि अशुद्ध कुठलं, तुम्हीच सांगा.

त्यानंतर आमच्या गल्लीत एक बारीकशी गोष्ट ठरली. मोठी चळवळ वगैरे नाही, आम्ही सात-आठ जण कट्ट्यावर बसून ठरवली. पावसाळ्यात पाण्याबद्दलचा मेसेज टाकायचा तर वर तारीख, सालासकट. 'आज', 'उद्या', 'परवा' लिहायचंच नाही, वार आणि तारीख लिहायची. वेळ लिहायची. पाणी कुठे बघितलं ते ठिकाण लिहायचं. बघितलं कुणी की ऐकलं कुणाकडून, तेही. खाली स्वतःचं नाव. ज्यात हे नाही तो मेसेज पुढे पाठवायचा नाही, कितीही जवळच्या माणसाकडून आलेला असो. पहिल्या आठवड्यात रुसवेफुगवे झाले. एका गृहस्थांनी 'आम्हाला शिकवू नका' म्हणून आमच्याशी बोलणंच टाकलं, ते दिवाळीला फराळ घेऊन आले.

मोडीची माझी टकळी ऐकून ऐकून कंटाळलेला एक पोरगा आहे आमच्यात, गॅरेजमध्ये काम करतो. गेल्या पावसाळ्यात त्याचा सकाळी सकाळी मेसेज आला. तारीख, साल, वेळ. त्याखाली 'मु॥ आयर्विन पूल'. मग पट्टीवरचा आकडा, 'स्वता बघुन आलोय', पूर्ण नाव, आणि शेवटी 'पानी वाडतय.' मी तो मेसेज अकरा जणांना पुढे पाठवला. त्यातल्या एकाही अक्षराला हात लावला नाही.